आमची फियाट आणि मानाचा नंबर

परवा पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, आपली फियाट पन्नाशी पार झाली. व्हिंटेज म्हणून नोंदणी करू या. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतील. मान आहे तो!"

फियाट म्हणजे आमची १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली. नाव पद्मिनी असलं तरी वाशिमात सगळे तिला फियाटच म्हणतात. १९९१ मध्ये मी ती जुनीच घेतली. सायकलवर शाळेत येणारा मास्तर मोटारीतून उतरला म्हणून चार दिवस चर्चा! पुढे संसाराच्या धबडग्यात ती पत्र्याच्या शेडमध्ये आठ वर्षं पडून राहिली. निवृत्त झाल्यावर ताडपत्री काढली, तर सीटमध्ये उंदरांची बिळं, ब्रेक जाम, कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर. चालवून झाली नसती एवढी खराबी नुसती उभी राहून झाली होती.

अकोल्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी चार महिने खपून ती चालती केली. किल्ली देताना म्हणाले, "सर, हिले उभी ठेवू नका. गाडी उभी राह्यली का मेली समजा."

तेव्हापासून दर गुरुवारी मी आणि सौ. मंगरूळपीरमार्गे कारंज्याला गुरुमहाराजांच्या दर्शनाला जातो. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर. समृद्धी महामार्गाच्या वाटेला आम्ही जात नाही. पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून नळ्या तेवढ्या बदलून घेतल्या.

मुलाच्या फोननंतर २०२१ चे नियम वाचले. व्हिंटेज नोंदणीला दहा वर्षांचे २०,००० रुपये. साध्या नूतनीकरणाला ऑगस्ट २०२५ पासून पाच वर्षांचे १०,०००. हिशेब सारखाच. पण पुढे अट होती. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच मोटार रस्त्यावर आणायची. रोजच्या वापराला मनाई. म्हणजे मान मिळाला की गुरुवार गेला!

मला माझा निरोपसमारंभ आठवला. शाल, श्रीफळ, भाषणं... आणि दुसऱ्या दिवशी घंटेची वेळ झाली तेव्हा मला कुठेच जायचं नव्हतं. ती शाल अजून कपाटात घडीची घडी आहे.

सौ.ला विचारलं. गुडघ्यांमुळे तिला एसटीची पायरी चढवत नाही. ती एवढंच म्हणाली, "मग गुरुवारी मी कशानं जाऊ?"

मुलाला सांगितलं, साधंच नूतनीकरण करू. तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "बाबा, गाडीची नाही हो, तुमची काळजी वाटते." त्याचं खोटं नाही. माझी पंचाहत्तरी उलटली, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मी कबूल केलं, अंधार पडायच्या आत घरी, आणि डॉक्टर नको म्हणाले त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात. पण माझीही एक अट. ज्याच्या हाती किल्ली, त्यानं ती चालवायची.

असो. उद्या गुरुवार. तेलपाणी बघून ठेवतो.