शिडशिडीत माणसाची साखर

"डॉक्टरसाहेब, आमच्या सात पिढ्यांत कुणी जाड झालं नाही. मला कुठली साखर?"

पंचवीसेक वर्षांपूर्वी माझ्या ओपीडीत आलेल्या एका गुरुजींचा हा सवाल. चण किरकोळ, सदरा खुंटीला टांगल्यासारखा. मीही त्यांच्याच मताचा निघालो. एमडीला जी पुस्तकं घोकली, त्यांतला मधुमेही गलेलठ्ठ असायचा. मी गुरुजींना काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला आणि रक्त न तपासताच घरी पाठवलं. दोन वर्षांनी ते तळपायाची न भरणारी जखम घेऊन परत आले. साखर तीनशेच्या पुढे. जखम भरली, पाय वाचला. पण मी काट्यावर ठेवलेला विश्वास तिथेच संपला.

गंमत म्हणजे, माझ्या अज्ञानाचं उत्तर तेव्हा पुण्यातच तयार होत होतं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास करत होते. बाई गरोदर राहण्याआधीपासून तिची उंची, वजन, आहार, कष्ट यांची नोंद, आणि मग बाळ जन्मलं की त्याची मापं. सोबतीला इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठातली मंडळी होती. तिथल्या डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायर परगण्यातल्या परिचारिकांची जुनी वहीखाती उघडून दाखवून दिलं होतं, की जन्मतः आणि वर्षाच्या वयात वजनाने कमी भरलेली मुलं पुढे हृदयविकाराने जास्त दगावतात. म्हणजे म्हातारपणीच्या दुखण्याची पहिली नोंद पाळण्याशेजारी सापडते.

पुण्याच्या अभ्यासात बाळांचं सरासरी वजन भरलं सुमारे 2.7 किलो. साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. इथवर नवल काही नाही. नवल पुढे आहे. आपल्या बाळांचे दंड बारीक, पोटातले अवयव लहान, स्नायू तुटपुंजे. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटा घेऊन त्वचेखालची चरबी मोजली, तर ती जवळजवळ गोऱ्या बाळाइतकी! उपाशी गर्भाने बाकी सगळीकडे काटकसर केली, चरबी मात्र जपली. बारीक आणि तरीही चरबीदार, असं हे बाळ. 'बाळसं' म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो, त्याची ही दुसरी बाजू.

हे मोठ्यांनाही लागू आहे, याचा पुरावा याज्ञिकांनी स्वतःच्याच अंगावर दिला. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी उभा राहून काढलेला फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा हुबेहूब सारखा: 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. युडकिन मॅरेथॉन पळणारे. आपला व्यायाम म्हणजे बंद होणारी लिफ्ट पळत जाऊन गाठणं, अशी याज्ञिकांची कबुली. मी तो फोटो अजून विद्यार्थ्यांना दाखवतो. कुठलाही काटा या दोन माणसांत फरक करू शकत नाही.

जेवणातून रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू खेचून घेतात. स्नायूच कमी, तर कोठार लहान. त्यात पोटातल्या आतड्यांभोवती चरबी साठली की इन्सुलिनचं कुणी ऐकेनासं होतं. म्हणून मी आता काट्याआधी शिंप्याची टेप काढतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध घेर मोजायचा. पुरुषाचा 90 सेंटिमीटरच्या आत हवा, बाईचा 80. बीएमआय आपल्यासाठी 23 झाला की सावध व्हायचं. पंचविसाची वाट पाहायची नाही. नुसतं चालून भागत नाही. उठाबशा, जोर, जिना, डोक्यावर नाही तरी हातात ओझं, असं काहीतरी स्नायूंना कामाला लावणारं हवंच. आणि वजन घटवण्याच्या नादात भाकरीसोबत डाळ-उसळही तोडली, तर आधी स्नायूच झिजतात.

पण हा सगळा सल्ला चाळिशीतल्या माणसाला. पुण्याच्या अभ्यासातली मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा तपासली, तर अंगाने सडपातळ असूनही मुलग्यांपैकी तिघांत एकाहून अधिक जणांची साखर हद्दीबाहेर सरकू लागली होती. मग सल्ला द्यायचा कुणाला आणि कधी?

त्याच अभ्यासात एक गोष्ट दिसली होती. आईच्या पोटात किती उष्मांक गेले याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध लागला नाही. दूध, पालेभाजी, फळं खाणाऱ्या आयांची बाळं मात्र अंगाने भरली. शेतातलं, पाण्याचं, घरचं काम जितकं जड, तितकं बाळ लहान. आणि सुमारे दोनतृतीयांश आयांच्या रक्तात बी-12 कमी. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. भाजी-भाकरीवर राहणाऱ्या, दुधाचा कप आधी नवऱ्याला आणि मुलाला देणाऱ्या बाईकडे ते यावं कुठून?

इथे मला माझ्याच व्यवसायाची भीती वाटते. 'बाळाचं भवितव्य आईच्या हाती' असं म्हणून आम्ही मोकळे होतो आणि आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक ओझं ठेवतो. गरोदर बाईच्या हातात आहाराचा कागद देऊन उपयोग नाही. दुधाचं पातेलं कुणाच्या ताब्यात आहे, हंडा कोण भरतं, हे त्या कागदात नसतं. शिवाय तेव्हा उशीरही झालेला असतो. तयारी न्हाणं यायच्या वयापासून हवी, आणि ती साऱ्या घराने करायची आहे.

गुरुजी आता सत्तरी ओलांडून गेलेत. दर दिवाळीला चिवड्याचा डबा घेऊन येतात. "तुमच्यासाठी, मी चाखलासुद्धा नाही," असं खोटंही बोलतात. गेल्या वर्षी सोबत दहावीतली नात होती. काडीसारखी. "हिचं वजन किती पाहिजे, साहेब?"

मी म्हटलं, "वजन राहू द्या. घरात ती कितव्या पंगतीला जेवते?"

गुरुजी गप्प झाले. मग म्हणाले, "ते तिच्या आजीला विचारून सांगतो."