ताज्या भुशाचा वास

ठाण्याहून बाळकुम नाका मागे टाकून कशेळीच्या पुलावर चढलं की आधी खाडीचा वास येतो, भरतीला खारा आणि ओहोटीला चिखलाचा, तिवरांच्या मुळांचा. पूल उतरता उतरता तो विरतो. दोन्ही अंगांना फर्निचरची दुकानं सुरू होतात; पलंग, दिवाण, देव्हारे, झोपाळे रस्त्याच्या धुळीत येऊन गिऱ्हाइकाची वाट बघत उभे असतात, आणि मग ट्रकांच्या धुरातून वाट काढत, डोक्यावरून गेलेल्या मेट्रोच्या खांबांना वळसा घालत तो येतो. नुकत्याच कापलेल्या सागाचा, किंचित तेलकट, किंचित कडसर, घशाशी रेंगाळणारा वास. मी गाडीची काच खाली करते. धूळ आत येते, येऊ दे.

तो वास मला माझ्या मामांपर्यंत नेतो. मामांची लाकडाची वखार होती, फार मोठी नव्हे. सुट्टीत मी तिथे जाऊन बसायची, भुशाच्या ढिगात पाय घोट्यापर्यंत रुतवून. वरचा भुसा उन्हाने तापलेला आणि आतला थंडगार असायचा. ओंडका करवतीखाली गेला की मामा बोलणं थांबवायचे. फाळका उघडला, आतल्या रेषा दिसल्या की पुढे होऊन त्यावरून तळवा फिरवायचे आणि मग, कुणी बघत नाही अशा समजुतीने, हलकेच नाक टेकवायचे. त्या क्षणी त्यांचा चेहरा सैलावायचा. तसा चेहरा मी त्यांचा गल्ला मोजताना कधी पाहिला नाही.

पण घरात कुणी विचारलं, की भाऊ, एवढा जीव का काढतोस, तर उत्तर ठरलेलं असे. ‘पोटासाठी.’ आमचं घर नोकरदारांचं. पहिल्या तारखेच्या पगारावर, पेन्शनवर श्रद्धा असलेलं. धंदा करतो तो पैशासाठी, त्याला आणखी कशाची गोडी असते हे आमच्या ओटीवर कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि मामांनीही ते कधी सांगितलं नाही. लाकूड मला आवडतं, एवढं साधं वाक्य त्यांना आपल्याच माणसांत जड गेलं असावं.

त्या वासात आणखी एक वास मिसळलेला असायचा, तो आता कशेळीत येत नाही. सरसाचा. जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेला तो डिंक सुतार स्टोव्हवर डब्यात तापवत बसायचे आणि सबंध वखार त्या उग्र दर्पाने कोंदून जायची. 1959 मध्ये फेव्हिकॉल आलं, तसा तो दर्प हळूहळू सुतारकामातून गेलाच. ते आणणारे बळवंतराय पारेख महुव्याहून मुंबईला आलेले, वकिली शिकलेले, पण वकिली न केलेले. एका लाकूड-व्यापाऱ्याकडे शिपायाची नोकरी करताना ते संसारासह तिथल्या वखारीतच राहत. मला नेहमी वाटतं, लाकडाच्या कुशीत झोपलेल्या माणसालाच सुताराची ती अडचण अंगावर आल्यासारखी कळली असेल. पैसा त्यांनी पुढे अमाप कमावला. पण त्या वखारीतल्या रात्री तर आधीच्या आहेत.

आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर. त्यांची गोष्ट आठवली की मला भरून येतं. चित्रकार व्हायला निघालेला हा मुलगा जे. जे. स्कूलमध्ये पोचला, आणि तिथे कळलं की त्याच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. रंग सुटले, रेषा उरल्या. त्या रेषांनी त्याला यंत्रांच्या आराखड्यांकडे नेलं, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत मास्तरकी मिळवून दिली, आणि बढती डावलली गेल्यावर बेळगावला आणून सायकलींच्या दुकानात उभं केलं. मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! रोज सकाळी न विकलेल्या नांगराकडे बघत दुकान उघडायचं, हे केवळ पैशासाठी कुणाला जमेल? पैसाच हवा असता तर दुसऱ्याच महिन्यात दुसरा धंदा बघितला असता. त्या माणसाला नांगराचा फाळ मातीत कसा शिरतो, हे बघायचं होतं. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानात, निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती त्या बघण्यातून.

कशेळीत माझी एका दुकानात ओळख झाली आहे. मालक आगरी, साठीच्या पुढचे. सारे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही. त्यांच्या वडिलांच्या भातशेतीवर आता गोडाऊन आहे. या पट्ट्यात, काल्हेरपासून माणकोलीपर्यंत, तशी रांगच लागली आहे. पूर्वी मुंबईची जकात चुकवायची म्हणून माल खाडीच्या अलीकडे थांबायचा. 2017 मध्ये जीएसटी आला आणि मोठ्या कंपन्यांनी इथे आणखी मोठी छपरं घातली. भाडं महिन्याच्या महिन्याला येतं. दादांना दुकान उघडायची काही गरज नाही.

तरी ते रोज उघडतात. मी एकदा विचारलंच, कशासाठी? ‘पैशासाठी, ताई. दुसरं काय?’ म्हणाले. मामांचंच उत्तर. आणि पुढच्याच घटकेला त्यांनी मला हाताला धरल्यासारखं आतल्या कपाटापाशी नेलं. सागवानी, अजून पॉलिश न झालेलं. खालचा खण त्यांनी उघडला आणि एका बोटाने सावकाश आत ढकलला. आतली हवा दाबली गेली, आणि वरचा खण, कुणी हात न लावता, इंचभर बाहेर आला. ‘पायलं? कागूदपन जानार नाय मदी.’ त्यांनी पुन्हा करून दाखवलं. मग आणखी एकदा, आणि या वेळी ते माझ्यासाठी नव्हतं. बाहेर एक गिऱ्हाईक दिवाणाची किंमत विचारत होतं. दादांना ऐकू गेलं नाही.

त्या कपाटाचे खण बसवणारा सुतार मागच्या पत्र्याखाली होता. दूर उत्तरेतून आलेला, महिनाअखेरीस घरी पैसे धाडणारा. त्याला हा प्रश्न विचारण्याचा मला धीर झाला नाही. गोडाऊनसमोर पाठीवर खोकी वाहणाऱ्यालाही नाही. ज्याची मजुरी संध्याकाळच्या पिठात संपते त्याच्या कामात आनंद शोधत हिंडणं हा भरल्या पोटाचा उद्धटपणा आहे, असं मला मनापासून वाटतं. पैसा हवाच. भाडं, शाळेची फी, दवाखाना, हे कुठल्या वासाने भागत नाही. पण तो सुतार रंध्याची लांब, अखंड साल निघाली की ती पटकन टाकत नव्हता. उजेडात धरून आरपार बघायचा. मग टाकायचा.

म्हणून मला आता वाटतं, पैसा की आनंद, असा प्रश्नच आपण चुकीच्या वेळी विचारतो, माणूस गल्ल्यावर बसलेला असताना. तेव्हा तो पैसाच म्हणणार. पैसा सांगता येतो, दाखवता येतो, सोयरिकीत उपयोगी पडतो. दुसरं जे असतं ते सांगायला आपल्याकडे लाजच वाटते. धंद्यात बुडालेला माणूसही हिशेब सांगतो. काय आवडत होतं, ते त्याच्याबरोबर जातं. मामांचं तसंच झालं. वखार विकली तेव्हा घरच्यांनी किती आले ते विचारलं, आणि आकडा ठीक होता म्हणून सगळे निवांत झाले. ते मात्र पुढे कितीतरी दिवस जेवणानंतर उगाच पाटावरून, दाराच्या चौकटीवरून तळवा फिरवत राहायचे. आम्ही समजलो, वय झालं.

पोरांना आम्ही धंद्याची भीती सांगितली, फायदा-तोटाही सांगितला. त्या फाळक्याला नाक टेकवण्याचं सुख तेवढं सांगितलं नाही, आणि म्हणून आमच्या घरात वखार पुन्हा उघडली नाही, असं मी मानते.

तुमच्या घरात कुणी दुकान चालवत असेल, कारखाना चालवत असेल, गाडीवर भाजी विकत असेल, तर आज किती सुटले हे विचारून झाल्यावर एवढंही विचारा, की आज हातून काय चांगलं झालं. पहिल्यांदा तो ‘काही नाही’ म्हणेल. थोडं थांबा. आणि बोलायला लागला, की घड्याळाकडे बघू नका.