दुसरे विंबल्डन

विंबल्डन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शुभ्र पोशाख, हिरवेगार गवत आणि सायीतल्या स्ट्रॉबेऱ्या उभ्या राहतात. लंडनला गेलेला मराठी माणूस हे विंबल्डन निदान बाहेरून तरी पाहतो आणि परतल्यावर चार घरी त्याचे वर्णन करतो. पण याच परिसरात आणखी एक विंबल्डन नांदते आहे. ते मला माझ्या भाच्याने दाखवले. "मामा, टेनिस तुम्ही टीव्हीवर पुष्कळ पाहिलेत. आज आमच्या घरचे विंबल्डन पाहा," असे म्हणत त्याने माझ्या गळ्यात निळा-पिवळा मफलर अडकवला आणि शनिवारच्या दुपारी आम्ही निघालो.

हेडन्स रोड हे अगदी लहानसे स्टेशन. तिथून प्लाऊ लेनवरचे फुटबॉलचे मैदान चार पावलांवर. जवळून वांडल नावाची नदी वाहते. आपल्याकडे तिला ओढाच म्हटले असते. रस्त्याने आजोबा, नातवंडे, लेकुरवाळ्या बायका अशी सारी यात्रा चाललेली. सर्वांच्या गळ्यात तेच दोन रंग. मैदानही आटोपशीर, नऊ हजारांच्या आसपास माणसे मावतील एवढेच. मात्र या नऊ हजारांमागचा इतिहास ऐकण्यासारखा आहे.

विंबल्डनचा मूळ फुटबॉल संघ 1889 सालचा. कित्येक दशके तो हौशी व छोट्या स्पर्धांत खेळत राहिला. 1977 मध्ये त्याला राष्ट्रीय लीगमध्ये प्रवेश मिळाला, नऊ वर्षांत तो सर्वांत वरच्या श्रेणीत पोचला आणि 1988 मध्ये एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात त्याने बलाढ्य लिव्हरपूलला 1-0 असे लोळवले. गोलरक्षक डेव्ह बेझंट याने त्या दिवशी पेनल्टी अडवली, ती कथा इथे आजही पोवाड्यासारखी सांगतात.

पुढे दिवस फिरले. प्रेक्षकांच्या सुरक्षिततेचे नवे नियम जुन्या मैदानाला झेपेनात. 1991 मध्ये संघाने दुसऱ्या क्लबच्या मैदानावर बिऱ्हाड केले. अखेर मालकांनी संघ उचलून मिल्टन कीन्स या नव्या शहरात, सुमारे नव्वद किलोमीटरांवर न्यायचे ठरवले. 28 मे 2002 रोजी तिघांच्या समितीने दोन विरुद्ध एक मताने त्याला मान्यता दिली. आपल्या आळीतला गणपती कुणी परगावी नेऊन बसवला, तर आळीला काय वाटेल? तेच इथल्या लोकांना वाटले.

आपल्याकडे अशा वेळी निषेधाची सभा होते आणि चहा पिऊन मंडळी घरी जातात. यांनी सभा तर घेतलीच, पण नवा संघही काढला! जूनमध्ये विंबल्डन कॉमनच्या मोकळ्या माळावर निवड-चाचणी ठेवली. कुणीही यावे, खेळून दाखवावे. 230 जण आले. 10 जुलैला पहिला सामना झाला. त्यात 4-0 असा सपाटून मार खाल्ला, पण तो पाहायला साडेचार हजारांवर माणसे आली होती. ए. एफ. सी. विंबल्डन हा नवा संघ नवव्या पायरीपासून चढू लागला आणि 2011 मध्ये राष्ट्रीय लीगमध्ये परतला. क्लब चाहत्यांच्या न्यासाच्या हाती. सभासदाला एकच मत, मग तो लखपती असो वा शाळामास्तर.

आज बड्या क्लबांच्या समाजमाध्यमांवर रात्रंदिवस दवंडी चाललेली असते. खेळाडूंचे फोटो, नव्या सदऱ्यांची विक्री, गोलांच्या चित्रफिती. हा क्लबही ते करतो. त्यातून गंमतीही घडतात. जॉन ग्रीन हे अमेरिकन कादंबरीकार यूट्यूबवर फुटबॉलचा संगणकी खेळ खेळत या संघाच्या गोष्टी सांगू लागले आणि जाहिरातींच्या उत्पन्नातून त्यांनी क्लबला चक्क प्रायोजकत्व दिले! सातासमुद्रापलीकडल्या तरुणांना प्लाऊ लेन ठाऊक झाली ती अशी.

पण दवंडीमागे दार उघडे हवे. मार्च 2020 मध्ये महामारीने लंडन बंद पडले, तेव्हा या चाहत्यांनी मदतीचा गट उभारला. दुकानांबाहेर उभे राहून शिधा गोळा करायचा आणि अडलेल्या घरांच्या दारात पोचवायचा. मुलांच्या शाळा संगणकावर भरू लागल्या, तेव्हा लोकांनी अडगळीत टाकलेले लॅपटॉप दुरुस्त करून मुलांना वाटले. एलिझाबेथ बेरेस्फर्ड यांच्या बालकथांतले केसाळ वॉम्बल याच माळावर राहतात आणि माणसांनी टाकलेल्या वस्तू उचलून कामी आणतात. क्लबचा शुभंकर वॉम्बलच आहे. त्याने नाव सार्थ केले म्हणायचे. माझा भाचाही तेव्हा गाडीतून पोती पोचवीत हिंडत होता. "चार वर्षे शेजारी कोण राहते ते ठाऊक नव्हते मामा, त्या चार महिन्यांत अख्खी गल्ली ओळखीची झाली," तो म्हणाला. परक्या शहरात एकटे राहणाऱ्या मुलाची मामाला किती काळजी असते! ती तिथे निम्मी उतरली.

मैदानासाठीही लोकांनीच कर्जरोखे घेऊन पन्नास लाख पौंडांवर रक्कम उभारली. 3 नोव्हेंबर 2020 रोजी संघ प्लाऊ लेनला परतला, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर. दैव असे की साथीमुळे त्या सामन्याला एकाही प्रेक्षकाला प्रवेश नव्हता. ज्यांनी घर बांधले त्यांनी गृहप्रवेश पडद्यावर पाहिला. सप्टेंबर 2024 मध्ये त्याच ओढ्यासारख्या वांडलने मैदान बुडवले, गवताखाली भगदाडे पडली. पुन्हा वर्गणी निघाली, पुन्हा हात पुढे आले.

मध्यंतरात भाच्याने मोबाईलवर न्यासाच्या सभेची सूचना दाखवली. मतदान होते, कार्यसूची त्याने ओळ न ओळ वाचली होती. पुण्यात असताना हाच मुलगा आमच्या सोसायटीच्या सभेला कधी फिरकला नव्हता. माणसाला एखादी गोष्ट आपली वाटावी म्हणून फार काही लागत नाही. त्याला तिथे एक काम द्यावे आणि एक मत द्यावे. तेवढ्यात शिट्टी झाली, खेळाडू मैदानावर आले आणि नऊ हजार मालक आपापल्या जागेवर उठून उभे राहिले.