चिठ्ठ्यांच्या कपाटांपाशीं

पर्वती आणि शनिवारवाडा पाहून परतणाऱ्या प्रवाशांपैकीं फारच थोडे मुळा-मुठा ओलांडून येरवड्याकडे वळत असतील. 'डेक्कन' या नांवामुळें पुष्कळ जण डेक्कन कॉलेज जिमखान्यावर शोधीत हिंडतात, ही निराळीच गंमत! विश्रामबागवाड्यांत १८२१ सालीं निघालेली पाठशाळा कालांतरानें कॉलेज झाली, १८६८ सालीं या दगडी इमारतींत आली, १९३४ सालीं बंद पडली आणि १९३९ सालीं संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडली. १९९० पासून तिला विद्यापीठाचा दर्जा आहे.

मला ओढ होती ती तेथील संस्कृत महाकोशाच्या दप्तराची. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनीं १९४८ सालीं हें काम आरंभिलें. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारें १५०० ग्रंथ वाचून, कोणता शब्द कोठें व कोणत्या संदर्भांत आला तें एकेका चिठ्ठीवर टिपून ठेविलें. अशा चिठ्ठ्या जवळजवळ १ कोटी! त्या जमविण्यांतच २५ वर्षें गेलीं. पहिला खंड १९७६ सालीं निघाला; पस्तिसाव्या खंडापर्यंतहि 'अ'कार संपलेला नव्हता. हें ऐकून लोक हंसतात. कपाटें पाहिलेला मनुष्य मात्र हंसत नाहीं.

मी गेलों तेव्हां दोन मुली व एक मुलगा तेथें उमेदवारी करीत होते. (हल्लीं हिला 'इंटर्नशिप' म्हणतात, आमच्या वेळीं ती वकिलाकडे नाहीं तर छापखान्यांत करीत.) चिठ्ठ्या वर्णानुक्रमानें लावणें, छापील ग्रंथ काढून स्थळ ताडून पाहणें आणि चिठ्ठी होती तेथेंच परत ठेवणें, हा पहिला पाठ. कोटि चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी भलत्या जागीं गेली कीं ती हरवलीच म्हणावयाची.

एका मुलीपुढें सरावासाठीं 'अनुबन्ध' शब्दाच्या चिठ्ठ्या होत्या. आपण 'ऋणानुबंध' म्हणतों, म्हणून शब्द सोपा वाटतो. परंतु वैयाकरणांचा अनुबन्ध म्हणजे सिद्ध रूपांत न दिसणारें खुणेचें अक्षर. वैद्यांचा म्हणजे कर्मामागून येणारा परिणाम. आणि वेदान्त्यांचे तर अधिकारी, विषय, संबंध व प्रयोजन असे चार! चिठ्ठीवर वाक्याचा तुकडा तेवढा असतो. त्याचा अर्थ ठरविण्यासाठीं तिला मूळ ग्रंथाचीं मागचीं-पुढचीं पानें वाचावीं लागलीं. अर्धा तास गेला आणि चिठ्ठी एक झाली.

उमेदवारीचा लाभ मला त्या अर्ध्या तासांत दिसला. कांहीं संग्रहांत मुलांना धूळ झटकणें, छायाचित्रें घेणें आणि याद्या करणें एवढेंच देतात. तें फुकटचें मनुष्यबळ झालें, त्यास शिक्षण कसें म्हणावें? अर्थासाठीं ग्रंथाशीं झगडावें लागलें तरच नजर तयार होते. अडचण अशी कीं, ती तयार होते न होते तोंच मुदत संपते.

"पुढें हेंच काम करणार का?" असें मीं त्या मुलीस विचारलें.

"करावेंसें वाटतें, सर. पण घरीं विचारतात, यावर संसार चालेल का?"

तिच्या घरच्यांचा प्रश्न वावगा नाहीं. आपल्या घरांतूनहि तोच विचारला जातो, आणि संस्कृतांत पहिला येणारा मुलगा अखेरीस यंत्रशास्त्राकडे जातो. असा प्रश्न पडूनहि ती मुलगी पुढच्या चिठ्ठीसाठीं कपाटांतून चरकसंहिता काढीत होती.