सुनेचे बूट आणि माझी अहिंसा



उपवास, पारणे, फराळ यांवर मी नेहमी लिहिते. आजचा विषय जरा वेगळा आहे: दवाखान्यात नोकरी करणाऱ्या आपल्या मुली-सुनांची पादत्राणे. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये जा, विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात जा, नाहीतर लातूरला जा. आपल्या घरच्या कितीतरी मुली तिथे नर्स, डॉक्टर, लॅब टेक्निशियन म्हणून काम करताना दिसतील. ड्यूटीचा बहुतेक वेळ त्यांचा उभ्यानेच जातो.

माझी धाकटी सून लातूरला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. लग्नाआधी ती चामड्याचे काळे बूट वापरायची. मी तिला सांगितले, "बाळा, आपल्या घरात चामडे चालत नाही." तिने उलट उत्तर दिले नाही. मग मीच वजिराबादेतून चारशे रुपयांची रेक्झिनची काळी बेली आणली. दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, "चामडे नाही ना?" तो नाही म्हणाला आणि माझे समाधान झाले.

चार महिन्यांनी मी लातूरला राहायला गेले. पहाटे सामायिकाला बसले होते, तेव्हा ती खोलीतून बाहेर आली ती भिंतीला धरून. दहा-बारा पावले टाकल्यावर नीट चालू लागली. मी विचारले तर म्हणाली, "काही नाही आई, टाच दुखते जरा." मुलाकडून कळले की दोन महिने असेच चालू होते. बेलीचा तळ झिजला म्हणून तिने तसाच दुसरा जोडही आणला होता. "तुम्ही प्रेमाने आणलेली होती, कसं सांगू?" असे ती म्हणाली, तेव्हा मला फार वाईट वाटले.

आपण पाणी गाळून पितो, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली पाहून चालतो. आणि घरातल्या चालत्या-बोलत्या पंचेंद्रिय जीवाची टाच मला दिसली नाही! चामडे नको, हे माझे म्हणणे आजही तेच आहे. पण ते नको म्हटल्यावर दुसरे चांगले काय, हे शोधण्याची जबाबदारीही माझीच होती.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितले की, पातळ, सपाट तळाच्या बेलीत तळपायाला आधार मिळत नाही. तासन् तास उभे राहिले की तळव्याच्या शिरा ताणतात आणि झोपेतून उठल्यावर पहिली पावले जास्त दुखतात. त्यांनी पोटरीचे व्यायाम दिले आणि बूट बदलायला सांगितले.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी गंजगोलाईत गेलो. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून बूट संध्याकाळीच घ्यावेत. ड्यूटीत घालायचे मोजे घालूनच माप पाहावे. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. बूट वाकवून पाहावा. तो बोटांजवळ वाकावा, मधोमध दुमडू नये. टाचेमागची बाजू घट्ट आणि टाच इंचभरच उंच असावी. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून तळाला रबराची पकड हवी.

दवाखान्यात सुई पडते, रक्त सांडते. म्हणून पुढून बंद आणि ओल्या फडक्याने पुसता येतील असेच बूट हवेत. जाळीचे किंवा भोकांचे नकोत. काळा किंवा पांढरा, जो गणवेशाला चालतो तो एकच साधा रंग घ्यावा. चालताना आवाज नको. रात्री रुग्ण झोपलेले असतात.

आता आपला मुद्दा. सुएड आणि नुबक ही नावे वेगळी वाटली तरी ते चामडेच असते. कधी वरून रेक्झिन आणि आत चामड्याचे अस्तर असते. काही बुटांवर छोटी चिन्हे असतात: ताणलेल्या कातड्यासारखे चित्र म्हणजे चामडे, विणलेल्या जाळीसारखे म्हणजे कापड आणि साधा चौकट आकार म्हणजे इतर साहित्य. "पीयू" लिहिलेले असेल, तर ते कृत्रिम. आतले अस्तरही विचारून घ्या.

आम्ही पीयूचे, जाड पण हलक्या तळाचे बूट पंधराशेला घेतले. किंमत ऐकून मी आधी बिचकले. पण कॉमर्स शिकलेली आहे, हिशोब मांडला. चारशेची बेली शंभर ड्यूट्या टिकली, म्हणजे ड्यूटीला चार रुपये. हे बूट तीनशे ड्यूट्या टिकले तर पाच रुपये. फरक एका रुपयाचा! त्या एका रुपयासाठी माझ्या सुनेने दोन महिने भिंत धरली.

टाच बरी व्हायला वेळ लागला, पण आता ती सकाळी सरळ चालत येते. परवा मंदिराबाहेर तिच्या बुटांशेजारी चपला काढताना मी मनातल्या मनात तिची क्षमा मागितली. क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांदेखत मागणार आहे.

तुमच्या घरीही अशी लेक-सून असेल, तर आज तिला विचारा, "पाय दुखतात का ग?" "नाही" म्हणाली तरी सकाळी तिची पहिली चार पावले बघा.

जय जिनेंद्र!