हसवणाऱ्या माणसाचं नीट ऐका

समुपदेशन करताना मला रडण्याइतकेच विनोदही ऐकावे लागतात. दुखऱ्या विषयाच्या जवळ आलं की पुष्कळ माणसं पटकन काहीतरी गमतीचं बोलून बाजूला सरकतात. म्हणून समोरचा माणूस किती हसतो यापेक्षा तो कुणावर हसतो, याकडे माझं लक्ष असतं. विनोदी माणूस सुखीच असणार, हा आपला लाडका समज मला कधीच पटला नाही.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या शैली मोजणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ३२ विधानं आहेत आणि प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडतं ते १ ते ७ या आकड्यांत सांगायचं. त्यात चार शैली मानल्या आहेत: गप्पा रंगवून माणसं जोडणारी, अडचणीत स्वतःचं मन सावरणारी, दुसऱ्याला बोचणारी आणि स्वतःलाच कमी लेखून इतरांना हसवणारी.

मन सावरणाऱ्या विनोदाचं मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्याइतकं बोलकं उदाहरण मला माहीत नाही. नाझी छळछावणीत शेजारी राबणाऱ्या मित्राला त्यांनी सुचवलं होतं, की सुटकेनंतर काय काय गमती घडतील याची रोज एक तरी गोष्ट रचायची. ज्यांच्यात ही शैली ठळक असते, त्यांच्यात नैराश्य आणि चिंता कमी आढळते. बोचऱ्या विनोदाचं नातं रागीटपणाशी आणि जुळवून न घेण्याच्या स्वभावाशी दिसतं. गंमत म्हणजे असा विनोद करणारा स्वतः दुःखी असेलच असं नाही. त्याची किंमत घरचे आणि सहकारी मोजतात. ‘साधी मस्करी कळत नाही का तुला?’ असं म्हटलं की दुखावलेल्या माणसाला तक्रारही करता येत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती चौथ्या शैलीची. तिच्यासोबत नैराश्य, चिंता आणि स्वतःविषयीचा कमी आदर वारंवार आढळतो. एक तिशीची मुलगी माझ्यासमोर बसता बसता म्हणाली, ‘मॅडम, खुर्ची मजबूत आहे ना? नाहीतर मोडल्याचे पैसे भरावे लागतील.’ मी हसले नाही. असं पहिल्यांदा कोण म्हणालं होतं, एवढंच विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिने लग्नातली एक पंगत सांगितली. ‘हिला जिलबी जपून वाढा रे,’ असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं होतं आणि सगळी पंगत हसली होती. तेव्हापासून इतरांच्या आधी आपणच बोलायचं, हे तिने ठरवून टाकलं. ऑफिसात डबा उघडतानाही तिचा असाच एखादा विनोद तयार असे, आणि सगळे तिला ‘एकदम बिनधास्त’ म्हणत.

आपल्या फजितीवर मोकळेपणाने हसणं वेगळं. पातेल्यातलं दूध उतू गेलं, गाडी चुकली, यावर हसणारा माणूस स्वतःची किंमत कमी करत नाही. ‘मी आहेच निकामी’ हे हसत हसत पुनःपुन्हा ऐकवणारा माणूस मात्र ती कमी करत असतो. विनोदामुळे मन खचतं की खचलेलं मन असा विनोद करतं, याचं उत्तर अशा प्रश्नावलीतून मिळत नाही. माझ्या अनुभवात दोन्ही गोष्टी एकमेकींना खतपाणी घालतात.

त्यामुळे ‘खूप हसा, आनंदी राहा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. चांगला विनोद वाढवण्याइतकंच बोचरा आणि स्वतःला खाली ओढणारा विनोद कमी करणं महत्त्वाचं आहे.

दिवाळीच्या फराळाला सगळे जमतील, तेव्हा कुणाच्या रंगावर, वजनावर, न जमलेल्या लग्नावर कोटी करू नका. आणि सगळ्यांना हसवणारं कुणी स्वतःलाच सारखं टाकून बोलत असेल, तर त्या हशात सामील होऊ नका. थोड्या वेळाने त्याला बाजूला घेऊन विचारा, ‘तू खरंच बरा आहेस ना?’ आणि उत्तर येईपर्यंत थांबा.