यादी बदलायची नाही

आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाची पहिली बैठक दरवर्षी पाडव्याच्या सुमाराला मारुतीच्या पारावर होते. त्याआधी घेऊन उपयोग नसतो, कारण निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. कारखान्यांचं गाळप संपून पट्टे पडतात, टोळ्या परत येतात, मुकादमाशी उचलीचा हिशेब होतो आणि मग हनुमान जयंतीच्या बेताने सप्ताह बसतो. वर्गणी किती धरायची, मंडप कुणाचा, कोणत्या दिवशी कुणाची पंगत, एवढंच बैठकीत बोलायचं असतं. 2025 साली मात्र नारळ फुटायच्या आधीच एकाने विचारलं, ''काल्याच्या कीर्तनाला महाराज कोणत्या समाजाचे आणणार, ते आधी सांगा.''

सप्ताहाची वही माझ्याकडे असते. शाळेत मास्तर होतो, अक्षर बरं आहे, म्हणून ती आली आणि राहिली. गाव शिरूर कासार तालुक्यात, सिंदफणेच्या खोऱ्यात. मराठा आणि वंजारी घरं जवळजवळ सारखी, बाकी माळी, धनगर, बौद्ध, थोडी मुसलमान घरं. मी मराठा आहे. पूर्वी हे सांगावं लागत नसे. आता बीडचा माणूस काही बोलला की ऐकणारा आधी आडनाव शोधतो, म्हणून सांगून टाकलं.

त्या प्रश्नामागे दीड-दोन वर्षं साचलेलं होतं. सप्टेंबर 2023 मध्ये शेजारच्या जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीत लाठीमार झाला. मराठा आरक्षणासाठी आंदोलनाला बसलेले मनोज जरांगे आमच्याच तालुक्यातल्या मातोरीचे. त्या ऑक्टोबरच्या अखेरीस माजलगाव आणि बीडमध्ये आमदारांची घरं जळाली, संचारबंदी लागली. पुढे लोकसभा आली. 4 जून 2024 ला निकाल लागला, मराठा समाजाचे बजरंग सोनवणे जिंकले, वंजारी समाजाच्या पंकजा मुंडे 6,553 मतांनी हरल्या. एवढ्या थोड्या मतांचा निकाल म्हणजे प्रत्येक गावात प्रत्येकाला वाटायला लागलं की हे आपल्याच गावाने केलं. अमक्याच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, तमक्याच्या हॉटेलात चहा प्यायचा नाही, असल्या शपथा जिल्ह्यात ठिकठिकाणी घेतल्या गेल्या. आमच्या गावात शपथ कुणी घेतली नाही, पण दोन गिरण्या आपोआप वाटून गेल्या. त्या वर्षीच्या दसऱ्याला, 12 ऑक्टोबरला, जिल्ह्यात दोन मेळावे भरले: जरांगेंचा नारायणगडावर, पंकजाताईंचा सावरगाव घाटला. सकाळी गावातून गाड्या दोन दिशांना गेल्या आणि संध्याकाळी सोनं वाटायला बरेच जण एकमेकांच्या दारात गेले नाहीत.

नारायणगड मराठ्यांचा, भगवानगड वंजाऱ्यांचा, ही वाटणी मला फार लागते, कारण ती खरी नाही. संत भगवानबाबांचा जन्म 1896 चा, सावरगाव घाटचा. वारकरी पंथात ते घडले नारायणगडावर, माणिकबाबांच्या हाताखाली. नारायणगडाला आमच्याकडे धाकटी पंढरी म्हणतात. पुढे तिथून बाहेर पडावं लागलं, तेव्हा त्यांनी आजच्या पाथर्डी तालुक्याच्या हद्दीत धौम्यगडावर नवी गादी उभी केली. तोच भगवानगड. एकाच वेलाची ही दोन ठिकाणं. भगवानबाबांच्या मागे गादीवर आले ते भीमसिंह महाराज, रजपूत घरातले. जमीन विकायची पाळी आली तरी चालेल, पण पोरं शिकवा, असं बाबा सांगत. ते ऐकून शिकलेली पोरं सगळ्या जातींची होती. माझे वडील मराठा, त्यांच्या देव्हाऱ्यात भगवानबाबा आणि संत वामनभाऊ शेजारी शेजारी होते. आता कुणाच्या घरात कोणता फोटो आहे यावरून मत कुणाला पडलं याचा अंदाज बांधतात.

सप्ताहात राजकारण नको, हे सगळेच म्हणतात. पण नको म्हणजे नेमकं काय नको, यावर भगवानगडाइतका ताण दुसऱ्या कुठल्या गादीवर आला नसेल. पंकजाताईंचे वडील गोपीनाथ मुंडे दरवर्षी दसऱ्याला गडावरून बोलायचे. ऊसतोडीला निघायच्या आधी लोक दर्शन घ्यायचे आणि साहेबांचं भाषण ऐकून कोयता उचलायचे. ते 2014 मध्ये गेले. 2016 मध्ये महंत नामदेवशास्त्रींनी गडावरून राजकीय भाषण होणार नाही असा निर्णय घेतला. त्या वर्षी मेळावा गडाच्या पायथ्याशी झाला, 2017 पासून सावरगावला गेला. खूप माणसं दुखावली, तरी तो निर्णय मला योग्य वाटला होता. गादीसमोर बसलेला माणूस मतदार म्हणून बसलेला नसतो. पण पुढे जानेवारी 2025 च्या अखेरीस, मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या खुनावरून जिल्हा पेटलेला असताना, त्याच गादीवरून त्या प्रकरणात टीका होत असलेले तेव्हाचे मंत्री धनंजय मुंडे यांच्या पाठीशी गड भक्कम उभा असल्याचं सांगितलं गेलं. काही दिवसांतच संतोष देशमुखांचे घरचे लोक कागदपत्रं घेऊन गडावर गेले. शास्त्रींनी त्यांचं ऐकून घेतलं आणि गड देशमुख कुटुंबाच्याही पाठीशी असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याचं भाषण बंद करता येतं. स्वतःच्या तोंडी येणारं वाक्य अडवणं त्याहून अवघड आहे, एवढ्या अधिकाराच्या माणसालाही.

आमच्या पारावर हे सगळं बोलून झालं, आवाज चढवून. महाराजांच्या जातीचा प्रश्न शेवटी एका म्हाताऱ्या टाळकऱ्याने मोडून काढला. तो म्हणाला, ''आजवर वहीत महाराजाच्या नावापुढं गाव लिहिलंय. जात लिहायची असल तर आधी मागच्या सगळ्या सालाची लिहून काढा, मास्तर.'' मी वही उघडून जुनी पानं वाचून दाखवली. नाव, गाव, बिदागी. चौथा रकाना कुठेच नव्हता. पुढे कुणी बोललं नाही.

खरा पेच पहाऱ्यांच्या यादीवर आला. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. सप्ताह बसला की विणा खाली ठेवत नाहीत. सात दिवस, रात्रंदिवस, कुणीतरी ती गळ्यात घेऊन उभं असतं. दोन-दोन तासांचे पहारे असतात. पहारा बदलताना एकाच्या गळ्यातली विणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वय, पैसा, जात काही बघत नाहीत. आधी कोण वाकलं हेही बघत नाहीत. आमची यादी जुनी आहे, बापाचा पहारा पोराकडे येतो. त्या यादीत रात्री बारा ते दोन तात्यांचा पहारा आणि दोन ते चार आण्णांचा. तात्या मराठा, आण्णा वंजारी. मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकात दोघांची बाचाबाची झाली होती, ती आई-बहिणीवर गेली होती. तेव्हापासून बोलणं बंद, बांधावरची वाटही बंद.

दोन्ही घरची पोरं माझ्याकडे वेगवेगळी आली. मागणी एकच: आमच्या म्हाताऱ्याचा पहारा हलवा. समितीतही बरेच जण म्हणाले, हलवून टाका, कशाला सप्ताहात वाद. मी विरोध केला. एकदा हलवला की पुढच्या वर्षी दहा जण हलवून मागतील, आणि दोन-तीन वर्षांत रात्रीचे पहारे एका समाजाचे, दिवसाचे दुसऱ्याचे होतील. मग मंडप एक असून सप्ताह दोन. शेवटी ठरलं ते मी वहीत लिहिलं: यादी बदलायची नाही. ज्याला उभं राहायचं नाही त्याने घरातला दुसरा माणूस पाठवावा, पण जागा तीच.

स्वयंपाकाचंही असंच झालं. पंगती वेगळ्या कराव्यात असं दबक्या आवाजात चाललं होतं. ते बायकांच्या कानावर गेलं. हरिपाठाला बसणाऱ्या एका आजीने पोळ्यांच्या परातीवरून निरोप धाडला की चुली दोन होणार असतील तर आम्ही एकीवरही बसणार नाही. तो विषय तिथेच संपला. आम्हा पुरुषांना एका पहाऱ्यावर तीन बैठका लागल्या होत्या.

पहिल्या रात्री मी मुद्दाम मंडपात थांबलो. दोनच्या सुमाराला आण्णा आले. पाय धुतले, बुक्का लावला आणि खांबाजवळ उभे राहिले. तात्या डोळे मिटून विणा छेडत होते. त्यांनी डोळे उघडले, आण्णांना पाहिलं, क्षणभर बोटं थांबली. मग विणा काढून त्यांच्या गळ्यात घातली. दोघं वाकले. तात्यांचा गुडघा दुखरा आहे, उठताना तोल गेला, तेव्हा आण्णांनी एका हाताने विणा सावरत दुसऱ्या हाताने त्यांच्या दंडाला धरलं. एक शब्द नाही. तात्या घरी गेले. सातही रात्री असंच झालं. त्यांचं बोलणं सुरू झालं असं मी म्हणणार नाही. बांधाची वाट अजून बंद आहे. पण रोज एकदा ते एकमेकांच्या पायाला हात लावत होते, आणि गाव ते पाहत होतं.

चौथ्या दिवशीचे कीर्तनकार तरुण होते, गळा गोड, उदाहरणं झणझणीत. सुरुवातीचं निरूपण छान झालं. पुढे गाडी आरक्षणावर गेली, तिथून एका पुढाऱ्याच्या नावापर्यंत आली. मंडपाच्या एका कोपऱ्यातून टाळ्या पडल्या, दुसऱ्या कोपऱ्यात माणसं उठायला लागली. मी माईक बंद करायला निघालो होतो. एवढ्यात आमच्या गायनाचार्यांनी वरच्या पट्टीत 'विठोबा रखुमाई' उचललं. मृदंगावर थाप पडली, सगळे टाळ एकदम लागले. महाराज बोलत होते, पण ऐकू येईना. कीर्तनात टाळकऱ्यांनी चाल धरली की बुवांना थांबावं लागतं; तो त्यांचा अपमान नसतो, तो कीर्तनाचाच भाग आहे. गजर बराच वेळ चालला. उठलेली माणसं उभ्याउभ्याच टाळ्या वाजवायला लागली आणि नंतर बसली. गजर थांबला तेव्हा महाराज अभंगाच्या चरणावर परत आले होते. पुढे त्यांनी अर्धा तास सुंदर निरूपण केलं. माईक बंद केला असता तर त्या रात्री मारामारी झाली असती.

सहाव्या दिवशी मात्र गजराने भागणार नव्हतं. पोरांनी मागणी आणली की सांगतेच्या आधी संतोष देशमुखांचं नाव घेऊन श्रद्धांजली वाहायची. 9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगच्या या सरपंचाला पळवून नेऊन हाल करून मारलं. मार्चच्या सुरुवातीला त्या मारहाणीचे फोटो लोकांपुढे आले, धनंजय मुंडे यांचं मंत्रिपद गेलं. त्या फोटोंनंतर कित्येक घरांत रात्री जेवण गेलं नव्हतं. समितीत दोन तट पडले. एक म्हणाला, हे राजकारण आहे, आपणच नियम केला, आपणच मोडायचा? पोरं म्हणाली, राजकारण नको म्हणून खुनावरही गप्प बसायचं असेल तर हा नियम ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्या सोयीचा आहे.

पोरांचं म्हणणं मला पटलं आणि मी ते बोललो. ज्या पंथाने चोखोबांची समाधी महाद्वारासमोर बांधली, त्या पंथाच्या मंडपात अन्यायाने मेलेल्या माणसाचं नाव जड होत असेल तर सात दिवस विणा वाजवून काय साधलं? पण माझ्या बोलण्याने निर्णय झाला नाही. तो झाला आण्णांच्या बोलण्याने. ते इतका वेळ खांबाला टेकून ऐकत होते. म्हणाले, ''मेलेल्याचं नाव घ्या, मी पण हात जोडतो. पण मारणाऱ्याच्या नावासंगं माझी जात घेऊ नका. चार महिनं झाले, बाजारात गेलो की लोक माझ्याकडं असं बघत्यात जसं काय मीच मारलंय.'' सगळे गप्प झाले. एक पोरगा त्यांच्या पाया पडला.

सांगतेला पसायदानाच्या आधी नाव घेतलं. फक्त नाव आणि गाव. सगळे उभे राहिले. तरीही काही घरं त्या दिवशी काल्याच्या पंगतीला आली नाहीत, दोन्ही बाजूंची. त्यांचा प्रसाद आम्ही घरी पोचवला. एका घराने तो घेतला, एका घराने दार उघडलं नाही.

त्याच सुमाराला बीडच्या पोलिसांनी गणवेशावरच्या पाट्यांवरून आडनावं काढली, फक्त नाव ठेवलं. चांगलं केलं. पण पाटी काढल्यावर माणसांनी एकमेकांशी वागायचं कसं, ते कुठल्याही परिपत्रकात लिहिता येत नाही. सप्ताहाकडे ते आयतं आहे: पहारा आहे, पंगत आहे, टाळकऱ्यांचा गजर आहे. ते नीट चालवायला मात्र कोणालातरी वाईटपणा घ्यावा लागतो. दर वेळी तोच माणूस घेत राहिला तर तोही एका बाजूचा ठरतो, म्हणून आम्ही वही सांभाळायला आता दोघं ठेवले आहेत, एक मी आणि एक वंजारी घरातला तरुण.

त्या वहीत 2025 चे ठराव आहेत. मंडपात पक्षाचं, उमेदवाराचं आणि जातीच्या मेळाव्याचं नाव घ्यायचं नाही. अन्यायाने गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला बंदी नाही. भांडण असेल तर पारावर या, तिथे काहीही बोला, पण समोरच्याचं पूर्ण ऐकून. देणगी कुणाचीही चालेल, फ्लेक्स कुणाचाच नाही. या शेवटच्या ठरावामुळे मंडपाचा पूर्ण खर्च देतो म्हणणारे एक पुढारी मागे हटले आणि तो खर्च घरटी वाटून घ्यावा लागला. निवडणुका येतच राहतात. पुढच्या बैठकीत फ्लेक्सचा विषय पुन्हा निघणार आहे, आणि ठराव फिरवायला किती हात वर होतील याची मोजणी काही जणांनी आत्ताच सुरू केली आहे. माझा हात वर होणार नाही, हे मी पारावर सांगून ठेवलं आहे.